शेवटची जागा कोणाची?

गेल्या पावसाळ्यात सॅक्रिस्टीच्या शेवाळलेल्या पायरीवरून आमचा पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांसाठी प्लास्टर घातले. रोजची मिस्सा आम्ही खुर्चीत बसून अर्पण करीत असू. परंतु आजाऱ्यांच्या भेटी, घरांचे आशीर्वाद, संध्याकाळची फेरी, सारे थांबले. वाचनाला वेळ मिळत नाही ही आमची वर्षानुवर्षांची तक्रार. वेळ मिळाला तेव्हा मात्र दहा पानांनंतर डोळे मिटू लागले, हेही येथे कबूल करायला हवे.

आमच्या गायकवृंदात गिटार वाजवणारा एक तरुण आहे. तो एके दिवशी भेटीस आला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "फादर, सेमिनरीत तुम्ही बुद्धिबळाचे चॅम्पियन होता ना? मग मोबाइलवर खेळा की. जगभरची माणसं भेटतात." आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्याने एक ॲप उतरवून आमच्या नावाचे खाते उघडलेसुद्धा. शेवटी पडद्यावर एक प्रश्न आला आणि तो थांबला. "हे तुम्हीच सांगायला हवं, फादर," असे म्हणून त्याने मोबाइल आमच्या हाती दिला.

प्रश्न साधा होता. तुमच्या खेळाची पातळी कोणती? अगदी नवखा, नवशिका, मध्यम, प्रगत. यांपैकी एकावर बोट ठेवायचे. ज्यावर बोट ठेवाल त्याप्रमाणे आपल्या नावापुढे एक आकडा लागतो आणि त्या आकड्याच्या आसपासचे प्रतिस्पर्धी आपल्यासमोर आणून बसवले जातात.

वाचकहो, ही गोष्ट अतिशय क्षुल्लक आहे हे आम्ही जाणतो. पण त्या चार शब्दांपुढे आम्ही बराच वेळ थबकलो. 'चॅम्पियन' ही पदवी आम्हांला मिळाली ती १९९० च्या सुमारास, सेमिनरीच्या करमणुकीच्या तासाला. खेळणारे दहा-बारा जण, पट एकच, आणि त्यातला एक उंट हरवल्यामुळे त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचे बूच. त्यानंतर तीस वर्षे आम्ही सोंगटीला हात लावला नव्हता. 'प्रगत' म्हणणे हास्यास्पद ठरले असते. 'मध्यम'वर बोट गेले आणि मागे आले. अखेरीस आम्ही 'अगदी नवखा' हे निवडले. तरुण हसला. "फादर फारच विनम्र आहेत," असे तो म्हणाला आणि ते आम्हांला गोड लागले. आकडा लागला ४००.

त्या रात्री आम्ही आठ डाव खेळलो आणि आठही जिंकलो.

समोर बसलेल्यांना घोडा कसा चालतो एवढेच जेमतेम ठाऊक असावे. एकाने चौथ्या खेळीत वजीर गमावला. दुसऱ्याला आम्ही शाळकरी पोरे ज्या युक्तीने एकमेकांना फसवतात त्या चार खेळींच्या युक्तीने मात दिली. तीस वर्षे गंजत पडलेले डोके पुन्हा चालू लागल्याचा आनंद आम्हांला इतका झाला की घोट्याचे दुखणे विसरलो. आठवा डाव संपल्यावर खाली एक ओळ उमटली. समोरच्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले होते की, मी याच आठवड्यात शिकायला लागलो, तुम्ही किती दिवस खेळता? आम्ही क्षणभरही न थांबता उत्तर दिले, आम्हीही नवखेच आहोत. त्यावर तो काही बोलला नाही आणि निघून गेला.

झोपताना त्या ओळीने आम्हांला टोचणी लावली. 'नवखा' या शब्दावर ठेवलेल्या बोटाचे समर्थन करता येईल. पण विचारणाऱ्या माणसाला दिलेले उत्तर खोटे होते, आणि ते आमच्या विनम्रतेतून सरळ उगवले होते.

हा आकडा म्हणजे नेमके काय, हे आम्ही पुढील दिवसांत समजून घेतले. बुद्धिबळपटूंची योग्यता आकड्यात मांडण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत आर्पाद एलो या गृहस्थांनी बसवली. ते १९०३ मध्ये हंगेरीत जन्मले, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेले आणि मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवले. मार्केट हे येशूसंघीयांचे विद्यापीठ, हे वाचून आम्हांला उगीचच बरे वाटले. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने त्यांची पद्धत १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. एलो १९९२ मध्ये वारले.

पद्धतीचा गाभा असा, की आकडा हा माणसाची किंमत सांगत नाही. दोन आकड्यांमधील अंतर हे दोघांच्या डावाचे भाकीत सांगते. दोघांत २०० गुणांचे अंतर असेल तर वरच्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते; ४०० चे अंतर असेल तर सुमारे ९१. भाकिताहून अधिक मिळवले तर आकडा चढतो, कमी मिळवले तर उतरतो. म्हणजे एकट्या माणसाचा आकडा असा काही नसतोच. ओसाड बेटावरच्या माणसाला उंची असते, वजन असते, पण हा आकडा असू शकत नाही. स्वतः एलो यांना आपल्या मापाविषयी भ्रम नव्हता. खळबळणाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाची उंची, वाऱ्यावर हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावी, तसे हे मोजमाप आहे, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे.

याची एक विलक्षण साक्ष अमेरिकेतच मिळाली. व्हर्जिनिया राज्यात जन्मठेप भोगणाऱ्या क्लॉड ब्लडगुड नावाच्या कैद्याने तुरुंगातल्या तुरुंगात सहकैद्यांशी हजारो डाव खेळून आपला आकडा इतका चढवला की १९९६ मध्ये तो त्या देशाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर दिसू लागला. हे त्याने हेतुपुरस्सर केले की बंदिस्त जागेत ते आपोआप घडले, हा वाद बाजूला ठेवू. पण भिंतीच्या आत मोजलेले माप भिंतीबाहेर लागू पडत नाही, हे तर खरे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, स्वतःला स्वतःशीच ताडून पाहणाऱ्यांना समज नाही असे म्हटले आहे. आमचे सेमिनरीतील चॅम्पियनपद हे याच जातीचे. तेव्हा आपली पातळी आम्हांला ठाऊक नव्हती हे खरे. पण ठाऊक नसणे वेगळे आणि सर्वांत खालची सांगणे वेगळे.

सत्यवचन या सद्‌गुणाविषयी ॲरिस्टॉटलने 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या चौथ्या भागात जे लिहिले आहे ते आम्ही सेमिनरीत परीक्षेपुरते वाचले होते. त्याच्या मते सत्यवचनी मनुष्य हा दोन टोकांच्या मधे असतो. एका टोकाला बढाईखोर, जो नसलेले असल्याचे सांगतो. दुसऱ्या टोकाला स्वतःला कमी लेखणारा, जो असलेले नाकारतो. दोन्ही दोषच, परंतु दुसरा त्याला अधिक सुसंस्कृत वाटतो. अति झाले की मात्र तेही बढाईच ठरते, असे सांगून त्याने स्पार्टाच्या लोकांच्या साध्या पोशाखाचे उदाहरण दिले आहे. (आमच्याकडे काही लोक चपला न घालण्याचा असाच डौल मिरवतात. असो.)

संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विषय 'सुम्मा'च्या दुसऱ्या विभागाच्या उत्तरार्धात, १०९ ते ११३ या प्रश्नांमध्ये, बारकाईने चर्चिला आहे. प्लास्टरच्या कृपेने तो आम्ही पुन्हा काढून वाचला. ते एक मोठा उपयुक्त भेद करतात. आपल्याकडे जे आहे ते सगळे न सांगणे, थोडेच सांगून गप्प राहणे, यात असत्य नाही. आपल्याकडे आहे हे माहीत असता ते नाही म्हणणे, यात असत्य आहे. संत ऑगस्टीनचा दाखला देऊन ते बजावतात की, नम्रतेपोटी खोटे बोलणारा माणूस आधी पापी नसला तरी त्या बोलण्याने तसा होतो. तरीही बढाई आणि हे उलटे असत्य यांची तुलना करताना ते सर्वसाधारणपणे बढाईला अधिक गंभीर मानतात. कारण बढाईखोर इतरांवर वरचढ होऊ पाहतो, इतरांना तो जड होतो; स्वतःला कमी सांगणारा इतरांसाठी जागा सोडतो.

येथे आम्ही अडलो. बुद्धिबळाच्या पटावर हे नेमके उलटे आहे. समजा, आमच्या गिटारवाल्या तरुणाने 'प्रगत' निवडले. खरे म्हणजे त्याने तेच निवडले होते; आम्ही विचारल्यावर त्याने लाजत सांगितले. मग काय झाले? "अकरा डाव ओळीने हरलो, फादर. धू धू धुतलं." त्याच्या बढाईचे मोल त्याचे त्यानेच चुकते केले. समोरच्यांना सोपे विजय मिळाले, कोणाचे काही गेले नाही. उलट आम्ही खाली बसलो ती जागा रिकामी नव्हती. तेथे त्याच आठवड्यात शिकायला लागलेली माणसे बसलेली होती, आपल्यासारख्याच नवख्याबरोबर दोन डाव खेळून एखादा जिंकण्याच्या आशेने. ती जागा त्यांच्यासाठीच राखलेली होती. पुढे आमचा आकडा साडेबाराशेच्या आसपास स्थिरावला. म्हणजे पहिल्या रात्री आमच्यात आणि त्यांच्यात साडेआठशेचे अंतर होते आणि त्या अंतरावर शंभरात एखादा डाव त्यांच्या हाती लागला असता. आमच्या नम्रतेचे मोल आठ अनोळखी माणसांनी चुकते केले.

तरुणाचे म्हणणे वेगळे पडले. "कुठूनही सुरू करा, दहा डावांत आकडा जागेवर येतोच," असे तो म्हणाला. गणित म्हणून त्याचे म्हणणे बरोबर आहे. नव्या खात्याचा आकडा सुरुवातीला मोठमोठ्या उड्या मारतो, नंतर हळूहळू स्थिरावतो. यंत्राला आमचे असत्य फार काळ फसवू शकत नाही. पण यंत्राची चूक दहा डावांत दुरुस्त होते म्हणून त्या दहा डावांत समोर बसलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

संत थॉमसकडे आम्ही परत वळलो तेव्हा दिसले की त्यांनी एक खिडकी उघडी ठेवली आहे. माणूस इतरांना अप्रिय होऊ नये म्हणून स्वतःला कमी सांगतो तेव्हा दोष हलका. पण धूर्तपणे फसवण्यासाठी सांगतो तेव्हा तोच दोष बढाईहूनही जड ठरतो, असे त्यांनी त्याच ११३ व्या प्रश्नात नोंदले आहे. सेमिनरीत ही ओळ आम्ही बहुधा परीक्षेत विचारणार नाहीत म्हणून सोडली असावी. रोख बक्षिसांच्या स्पर्धांमधून हे प्रत्यक्ष घडते. ठरावीक आकड्याखालील खेळाडूंसाठी वेगळा गट, वेगळे बक्षीस असते. ते मिळवण्यासाठी चांगले खेळाडू आधी मुद्दाम हरून आकडा उतरवून घेतात. हा गुन्हा मानला जातो आणि पकडला गेल्यास शिक्षा होते.

आम्हांला बक्षीस नको होते, फसवायचेही नव्हते. मग हवे तरी काय होते? स्वतःला हा प्रश्न विचारल्यावर उत्तर फारसे भूषणावह आले नाही. 'मध्यम'वर गेलेले बोट मागे का आले, याचा आम्ही शोध घेतला. मध्यम म्हणून घेतले आणि हरलो तर आपण मध्यमही नाही हे सिद्ध झाले असते. जिंकलो असतो तरी विशेष काही नाही. याउलट नवखा म्हणून हरलो तर कोणीही हसणार नाही, आणि जिंकलो तर 'फादर, तुम्ही तर छुपे रुस्तम' असे कोणीतरी म्हणेल. सर्वांत खालची जागा ही गर्वाला सर्वांत सुरक्षित जागा असते. मधल्या जागेवर बसायला खरे धैर्य लागते, कारण तेथून कौतुक मिळत नाही.

लग्नाच्या मेजवानीचा दाखला वाचकांना ठाऊक आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, आमंत्रण आले तर मुख्य आसनावर जाऊन बसू नका, शेवटच्या जागेवर बसा. यजमान येऊन तुम्हांला वर बोलावील. या दाखल्यावर आम्ही निदान वीस वेळा प्रवचन केले असेल आणि प्रत्येक वेळी मुख्य आसनावरून उठवल्या गेलेल्या माणसाची फजिती रंगवून सांगितली असेल. शेवटच्या जागेविषयी मात्र आम्ही कधी विचार केला नाही. आमच्या वसईतील लग्नांत शेवटच्या पंगतीला कोण बसते हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो: वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, बॅन्डवाले, आणि आईचा पदर धरून ताटकळलेली त्यांची मुले. एखादा प्रतिष्ठित गृहस्थ नम्रता म्हणून त्यांच्यात जाऊन बसला तर फार छान. पण तो बसला म्हणून वाढप्याच्या पोराच्या पानात मटणाचा तुकडा आला नाही, तर त्या नम्रतेचे काय करायचे? प्रभूने शेवटची जागा सांगितली ती मोठेपणाच्या आजारावर औषध म्हणून. दुसऱ्याचे पान ओढायला ती सांगितलेली नाही, एवढे तरी निश्चित.

हा दोष बुद्धिबळाबाहेर आपल्या धर्मग्रामांत किती पसरलेला आहे, हे मग आम्हांला दिसू लागले. रविवारी पहिले वाचन करण्यासाठी आम्ही एका निवृत्त मुख्याध्यापकांना विनंती केली. भरदार आवाज, शुद्ध उच्चार, चाळीस वर्षांचा शिकवण्याचा अनुभव. ते हात जोडून म्हणाले, "नको फादर, आम्हांला कुठलं येतंय?" सारे त्यांच्या साधेपणावर खूश. ते वाचन शेवटी नववीतल्या एका मुलीच्या गळ्यात पडले. 'नबुखद्‌नेस्सर' या नावापाशी ती तीनदा अडखळली, मागच्या बाकावर कोणी हसले, आणि त्यानंतर ती वेदीजवळ आलेली नाही. मुख्याध्यापकांच्या मनात पाप नव्हते. पण त्यांच्या 'आम्हांला कुठलं येतंय'चा भार कोणी उचलला, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्याला तर विनम्रतेचे नावसुद्धा शोभत नाही. धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीसाठी अर्ज येतात. उत्पन्नाच्या रकान्यात कुटुंबाने स्वतःच आकडा लिहायचा असतो. ज्यांच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, ज्यांचा मुलगा आखातात आहे, असे लोकही तेथे असा आकडा लिहितात की वाचून डोळ्यांत पाणी यावे. निधी ठरावीक असतो. वरच्याने खाली उतरून घेतलेली प्रत्येक फी खालच्या कोणाची तरी असते. या अर्जांवर आम्ही आजवर सही करताना मनातल्या मनात चरफडत होतो. आता चरफडताना स्वतःचे बोट आठवते आणि जरा मवाळ होतो. निर्णय मात्र मवाळ करीत नाही.

मग खरे उत्तर कसे द्यावे? ज्याला स्वतःची पातळी ठाऊकच नाही त्याने काय सांगावे? यावर बुद्धिबळाच्याच जगात दोन उत्तरे आम्हांला सापडली आणि दोन्ही आवडली. लिचेस नावाचे एक विनामूल्य संकेतस्थळ आहे. ते नव्या माणसाला काहीच विचारत नाही. प्रत्येकाला १५०० वर बसवते आणि त्या आकड्यापुढे एक प्रश्नचिन्ह लावते. मार्क ग्लिकमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात एलोंच्या पद्धतीत जी सुधारणा केली तिच्यावर हे आधारलेले आहे. त्याने म्हटले, नुसता आकडा पुरेसा नाही. त्या आकड्याबद्दल आपण किती अनिश्चित आहोत, हेही मोजले पाहिजे. माणूस खेळत गेला की अनिश्चितता कमी होते, प्रश्नचिन्ह गळून पडते. बरेच दिवस खेळला नाही की ती पुन्हा वाढते. संत थॉमस ज्याला असत्य मानत नाहीत ते गप्प राहणे येथे यंत्रानेच शक्य करून दिले आहे. आमच्या ॲपने आम्हांला बोलायला लावले. हे संकेतस्थळ म्हणते, तू बोलू नकोस, खेळ.

दुसरे उत्तर फिडेचे. मार्च २०२४ पासून फिडेने नव्या खेळाडूचा पहिला आकडा काढताना एक गमतीची तरतूद केली. त्याने प्रत्यक्षात ज्यांच्याशी डाव खेळले त्यांच्या जोडीला १८०० आकड्याचे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी धरायचे आणि दोघांशी त्याची बरोबरी झाली असे मानायचे. अवघ्या काही डावांवरून कोणाला फार वर चढवू नये वा फार खाली ढकलू नये, हा त्यामागील हेतू. पहिल्या भेटीतच माणसांचे आकडे ठरवून टाकणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना असे दोन काल्पनिक पाहुणे सोबत बाळगता आले तर किती बरे होईल, असा विचार मनात येऊन गेला.

बुद्धिबळपटूंची आश्रयदात्री म्हणून १९४४ मध्ये स्पेनमध्ये अविलाची संत तेरेजा हिची निवड झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 'पूर्णत्वाचा मार्ग' या ग्रंथात तिने प्रार्थनाजीवनाची तुलना बुद्धिबळाशी केली आणि या डावात दैवी राजाला शह देणारी राणी म्हणजे नम्रता, असे आपल्या भगिनींना सांगितले. (आपण ज्याला वजीर म्हणतो त्याला युरोपात राणी म्हणतात.) पुढे तिने ग्रंथ पुन्हा लिहिला तेव्हा हा भाग गाळला, संन्यासिनीने खेळाचे इतके ज्ञान दाखवणे तिला प्रशस्त वाटले नसावे. याच तेरेजेने आपल्या उतारवयातील 'अंतर्दुर्ग' या ग्रंथात नम्रतेची जी व्याख्या केली तिने आमची पंचाईत मिटवली. देव हे परम सत्य आहे म्हणून नम्रता त्याला प्रिय. कारण नम्रता म्हणजे सत्यात चालणे. स्वतःला खाली ओढणे असा तिचा अर्थ नव्हे. तेरेजेचे स्वतःचे लेखन 'मी अडाणी बाई' अशा शब्दांनी भरलेले आहे, याकडे चिकित्सक बोट दाखवतील. आणि पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये तिला ख्रिस्तसभेची आचार्या घोषित केले, याकडेही. तिने स्वतःचा आकडा कमी सांगितला खरा. पण मठ स्थापायचा असो वा बिशपांशी भांडायचे असो, तिने आपला भार दुसऱ्या कोणा भगिनीवर टाकला नाही.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही पापनिवेदनास गेलो. (गुप्ततेचे बंधन ऐकणाऱ्यावर असते, सांगणाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहितो.) आमचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना मोबाइल म्हणजे घंटा वाजणारी डबी एवढेच माहीत. चार पातळ्या, आकडा, ॲप हे सारे समजावून सांगताना आम्ही घामाघूम झालो. ते हसतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, "माणसं किती?" आम्ही म्हणालो, आठ डाव. "डाव नको सांगूस. माणसं किती?" आठ. आठही वेगवेगळी. त्यांनी आठ दिवस, रोज एकासाठी, एक रोजरी सांगितली. अकराव्या शतकात कार्डिनल पीटर दामियन यांनी फ्लॉरेन्सच्या बिशपांना रात्रभर बुद्धिबळ खेळल्याबद्दल तीन वेळा स्तोत्रसंहिता म्हणण्याचे आणि बारा गरिबांचे पाय धुण्याचे प्रायश्चित्त दिले होते. त्या मानाने आम्ही स्वस्तात सुटलो.

आकडा आता साडेबाराशेवर आहे, कधी तीस वर, कधी पन्नास खाली. जिंकणे आणि हरणे साधारण निम्मे-निम्मे. गिटारवाला तरुण घसरत घसरत नऊशेपाशी येऊन थांबला आणि तेथून तो खरोखर शिकू लागला आहे. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येतो, आम्ही आमचा एक हत्ती काढून ठेवतो आणि खेळतो. हत्ती काढून ठेवल्याचे त्याला दिसते, म्हणून त्याला त्याचे वाईट वाटत नाही.

त्या आठव्या खेळाडूला आम्ही त्याच ॲपवर निरोप पाठवला. मी नवखा नव्हतो, तीस वर्षांपूर्वी बरेच खेळलो होतो, तुमच्या खेळात काही दोष नव्हता, असे त्यात इंग्रजीत लिहिले. उत्तर आले नाही. तो शेवटचा कधी खेळला ते त्याच्या नावाखाली दिसते. तारीख त्या रात्रीचीच आहे. त्याने खेळ सोडला, की दुसऱ्या नावाने दुसरे खाते उघडले, की त्याच्या परीक्षा सुरू झाल्या, हे कळायला मार्ग नाही. अधूनमधून आम्ही ते नाव उघडून तारीख बदलली आहे का ते पाहतो.